उसनी जीभ, खरी भूक

जपानच्या लढायांचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे सामुराई उभा राहतो. त्याची तलवार, त्याचे इमान, त्याचे मरण. पण पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तेथील लढाया ज्यांच्या संख्याबळावर लढल्या गेल्या ते साधे पायदळातले गडी होते. त्यांना 'आशिगारू' म्हणत. शब्दाचा अर्थ हलक्या पायांचा. कुणी नांगर सोडून आलेला, कुणी गावातून परागंदा झालेला, कुणी केवळ दोन वेळच्या भाताच्या आशेने भरती झालेला. या माणसांना जपानी साहित्याने कशी जागा दिली आणि त्यांना बोलते करणारे 'झोह्यो मोनोगातारी' हे पुस्तक आपण कसे वाचावे, याचा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

त्यांची पहिली ठळक नोंद तिरस्काराची आहे. ओनिन युद्धात (१४६७-७७) क्योतो शहर जळून बेचिराख झाले. तेव्हाचे थोर पंडित आणि दरबारी इचिजो कानेयोशी यांचे ग्रंथालयही त्या धामधुमीत लुटले गेले. १४८० साली शोगुनसाठी लिहिलेल्या उपदेशग्रंथात त्यांनी आशिगारूंना दिवसाढवळ्या दरोडे घालणारे म्हटले आणि ही पद्धतच कायमची बंद करावी असे सुचवले. पंडितांचे दुःख खरे होते, आरोपही खोटा नव्हता. मात्र या माणसांच्या हाती मशाल कुणी दिली, हा प्रश्न त्या धिक्कारात बुडून जातो. दोन्ही बाजूंच्या सरदारांनीच त्यांना पोसले होते.

पुढे तिरस्काराची जागा उपयुक्ततेने घेतली. १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीजांबरोबर बंदूक आली. धनुर्विद्येला वर्षे लागत. बंदूक चालवणे त्या मानाने लवकर शिकवता येई. भाला, धनुष्य आणि बंदूक यांच्या वेगवेगळ्या तुकड्या उभ्या राहिल्या आणि कालचा लुटारू आजचा कवायती शिपाई झाला. तरी नाव मिळाले ते क्वचितच. १५७५ साली नागाशिनो किल्ल्याच्या वेढ्यातून तोरी सुनेएमोन हा हलक्या दर्जाचा शिपाई नदी पोहून बाहेर पडला आणि त्याने मदतीचा निरोप पोहोचवला. परतताना तो पकडला गेला. 'मदत येणार नाही' असे किल्ल्याकडे ओरडून सांग, असा हुकूम त्याला झाला. त्याने 'मदत येते आहे' असे सांगितले आणि तो वधस्तंभावर गेला. त्याचे चित्र शत्रुपक्षाच्याच एका योद्ध्याने आपल्या निशाणावर काढून घेतले. गरिबाला इतिहासात यायचे तर धन्यासाठी असे मरावे लागते, हा या कथेतला न बोललेला नियम आहे.

'झोह्यो मोनोगातारी' या नियमाला छेद देते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातले हे पुस्तक. नावाचा अर्थ 'किरकोळ शिपायांच्या गोष्टी'. यात बंदूकवाले, भालेकरी, धन्याच्या चपला वाहणारे, घोडे सांभाळणारे असे तीसेक जण पूर्वेकडच्या बोलीत आपापले अनुभव सांगतात. आणि ते बोलतात कशाबद्दल? पोटाबद्दल. अळूचे देठ मिसोमध्ये शिजवून, वाळवून त्यांची दोरी वळावी; वाटेत तिने ओझे बांधावे आणि मुक्कामाला तीच कापून पाण्यात उकळावी. खारवलेले आलुबुखार खाऊ नये, नुसते पाहावे. तोंडाला पाणी सुटले की तहान भागते. शत्रूच्या मुलखात विहिरीचे पाणी पिऊ नये, तीत घाण टाकलेली असू शकते. एकदम फार दिवसांचा तांदूळ देऊ नये, पिणारे गडी त्याची दारू करतील. वीरश्रीच्या शंभर पोवाड्यांत न सापडणारे युद्ध येथे भेटते. त्यातला विनोदही उपाशी माणसाचा आहे, म्हणूनच तो अस्सल वाटतो.

पण येथे सावध व्हायला हवे. हे पुस्तक सामान्यतः मात्सुदाइरा नोबुओकी या सरदाराच्या नावावर सांगितले जाते. म्हणजे बोली शिपायाची आणि लेखणी धन्याची. काळही पाहिला पाहिजे. आशिगारूचा मुलगा मानला जाणारा हिदेयोशी जपानचा सर्वेसर्वा झाला आणि त्यानेच १५८८ मध्ये शेतकऱ्यांची शस्त्रे काढून घेतली. १५९१ मध्ये शिपायाने शेतकरी होण्यावर आणि शेतकऱ्याने शेत सोडण्यावर बंदी घातली. ज्या दारातून त्याचे घराणे वर आले ते दार त्याने आतून लावून घेतले. त्यानंतरच्या दीर्घ शांततेत हे पुस्तक लिहिले गेले. त्यातले शिपाई कुरकुरतात, पण धन्याला प्रश्न विचारत नाहीत. उसनी दिलेली जीभ देणाऱ्याविरुद्ध चालत नाही.

यापेक्षाही मोठे मौन दुसरीकडे आहे. लोकांनी अंगणात पुरलेले धान्य कसे शोधावे, याची एक युक्ती पुस्तकात आहे: पहाटे हिवाळी दव गोठलेले असताना जिथली जमीन कोरडी दिसेल तिथे खणावे. निरीक्षण अचूक आहे आणि म्हणूनच भयंकर आहे. खणणारा स्वतः शेतकऱ्याचा मुलगा. ज्याचे अंगण खणले जाते तो त्याच्या बापासारखाच. त्या घरातली बाई मात्र पुस्तकात कुठेच बोलत नाही.

तिला बोलायला जवळपास तीनशे वर्षे लागली. केंजी मिझोगुची यांच्या 'उगेत्सू' (१९५३) या चित्रपटात तोबेई हा खेडूत मडक्यांच्या पैशांतून भाला आणि चिलखत विकत घेतो, दुसऱ्याने कापलेले शिर पळवून मानमरातब मिळवतो आणि घोड्यावर बसून मिरवत एका वेश्यागृहात शिरतो. तेथे त्याला त्याचीच बायको ओहामा भेटते. शिपायांनीच तिच्यावर अत्याचार केलेला असतो. गोठलेल्या दवाच्या युक्तीत जे झाकले गेले होते ते या एका भेटीत उघडे पडते.

आमच्या मते 'झोह्यो मोनोगातारी' हे मोठे पुस्तक आहे, पण ते अपुरे आहे. तळातल्या माणसाची भूक त्याने जशी सांगितली तशी फार थोड्यांनी सांगितली असेल. पण तळाच्याही खाली कुणीतरी असते. उपेक्षितांच्या साहित्याचे मोल ठरवताना त्यात कोण बोलते एवढे पाहून भागत नाही. बोलणारा कुणाच्या अंगणात उभा राहून बोलतो आहे, हेही पाहावे लागते.