'ऑनेस्ट' या शब्दाचे ओझे

शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'तील 'ऑनेस्ट' हा शब्द मराठीत कसा आणावा, हा प्रश्न वरवर पाहता कोशाचा वाटतो; वस्तुतः तो नाटकाच्या मर्माचा आहे. महादेवशास्त्री कोल्हटकरांचे भाषांतर १८६७ साली आले, देवलांचे 'झुंझारराव' १८९० साली. तेव्हापासून तो आपल्या दारी उभा आहे. हा शब्द व त्याचे भाववाचक नाम मिळून नाटकात ५२ वेळा येतात, अशी मोजदाद विल्यम एम्पसन यांनी १९५१ च्या आपल्या ग्रंथात दिली आहे.

शब्दाचे मूळ सन्मानवाचक लॅटिन शब्दात. त्यातून सन्मान्य, सत्यवचनी, परद्रव्यास हात न लावणारा, आणि स्त्रीच्या बाबतीत शीलवती, अशा शाखा फुटल्या. थोराने धाकट्याच्या पाठीवर थाप मारून 'भला गडी' म्हणावे, अशीही एक छटा त्यात आहे. एम्पसन यांनी तिच्यावर भर दिला, तो आम्हांस पटतो. बढती कॅसिओला मिळते; इयागोच्या वाट्याला हे विशेषण येते. ऑथेल्लो, कॅसिओ, डेस्डेमोना, सारेच ते त्यास मोठ्या औदार्याने बहाल करतात.

येथे 'प्रामाणिक' लंगडा पडतो. त्यात चाकरीचा वास नाही. 'इमानी'त तो आहे. हिंदी प्रदेशात नांदणाऱ्या आमच्या वाचकांच्या कानी 'ईमानदार' नित्य पडतो आणि तो तेथे कोणासही शोभतो. मराठी 'इमानी' मात्र प्रथम गड्याची नि कुत्र्याची आठवण देतो. इयागोसाठी याहून नेमका शब्द आम्हांस सुचत नाही.

पण डेस्डेमोनेचे काय? तिसऱ्या अंकात तिच्या शीलाची शंका याच शब्दातून उभी राहते. एकीकडे 'ऑनेस्ट' मित्र, दुसरीकडे 'ऑनेस्ट' पत्नी. दोघेही तसे असणे शक्य नाही, या पेचात ऑथेल्लो सापडतो. भाषांतरकाराने त्याला 'इमानी' व तिला 'पतिव्रता' म्हटले की तराजूची दोन पारडी दोन दुकानांत जातात. पाचव्या अंकात तर बियांका ही गणिकाही आपण तितक्याच 'ऑनेस्ट' असल्याचे ठणकावते. तिच्या तोंडी 'पतिव्रता' घालून पाहावे!

आम्ही 'नेक' सुचवितो. चाकर नेक असतो, पत्नी नेक असते, बियांकेलाही तो शब्द ओरडून सांगता येतो. पैशाच्या व्यवहारातील सचोटी मात्र त्यात फिकी पडते. रॉडरिगोची थैली रिकामी करणाऱ्या इयागोच्या संदर्भात हे नुकसान लहान नव्हे.

शेवटच्या प्रवेशात ऑथेल्लो 'ऑनर' व 'ऑनेस्टी' हे एकाच मुळाचे शब्द समोरासमोर उभे करतो. तेथे 'अब्रू' घ्यावा असा मोह होतो, कारण मराठीत स्त्रीची अब्रू निराळी आणि पुरुषाची निराळी. परंतु तसे केल्यास दोन शब्दांचा एक होतो, आणि ऑथेल्लोला प्रश्नच विचारता येत नाही.