गिर्यारोहकांची वाणी

गिर्यारोहणाचें वाङ्मय आजवर लेखणी चालविणारांचेंच राहिलें. ज्यास शिखर चढतां आलें पण लिहितां आलें नाहीं, त्याची कथा दुसऱ्याच्या लेखणींतून जगापुढें आली. तेनसिंग नोर्गे अनेक भाषा बोलत. लिहितां मात्र येत नसे. म्हणून १९५३ सालीं एव्हरेस्टवर पाऊल ठेवणाऱ्या या पुरुषाचें आत्मचरित्र १९५५ सालीं जेम्स रॅम्झी उल्मन या अमेरिकन कादंबरीकारानें शब्दबद्ध केलें. पुस्तक सुरस आहे. परंतु त्यांतील कोणतें वाक्य तेनसिंगचें व कोणतें उल्मनचें, हें वाचकानें कसें ओळखावें?

ही उणीव पॉडकास्टनें, म्हणजे हवा तेव्हां ऐकतां येणाऱ्या ध्वनिमुद्रित कार्यक्रमानें, भरून निघूं शकते. अलास्कांतील संगीतकार व गिर्यारोहक एव्हन फिलिप्स यांचा 'द फिर्न लाइन' हा याच जातीचा कार्यक्रम. हिमनदीवर ज्या रेषेच्या वरील बर्फ उन्हाळा सरला तरी शिल्लक राहतें, ती फिर्न-रेषा. नांव समर्पक आहे. वितळून जाणारें जपून ठेवणें हेंच अशा कार्यक्रमांचें प्रयोजन होय. साथीदार गमावल्याची हकीकत सांगतांना वक्ता अडखळतो. तें अडखळणें कागदावर उतरत नाहीं. कानास मात्र तत्काळ कळतें.

तथापि कथन म्हणजे इतिहास नव्हे. एलिझाबेथ हॉली या पत्रकार बाई १९६३ सालापासून काठमांडूस मोहिमांच्या लोकांस गांठून तारीख, मार्ग, छावण्या व शिखरावर कोण पोहोंचले, हें काटेकोरपणें विचारीत. त्यांच्या टिपणांवर आधारलेला 'हिमालयन डेटाबेस' २००४ सालीं प्रसिद्ध झाला. तेथें तपशील आहे, आवाज नाहीं. पॉडकास्टांत आवाज असतो, पण उलटतपासणी क्वचित. शिवाय श्रोता कंटाळूं नये म्हणून कात्री चालते आणि नेमक्या बोलक्या विरामांवर संगीत पसरलें जातें.

श्रोत्यांसाठीं काटछाट करूंच नये, असें आमचें म्हणणें नाहीं. मात्र मूळ अखंड मुद्रण, स्थळ व काळ नोंदवून, एखाद्या ग्रंथसंग्रहालयांत अभ्यासकांस खुलें ठेवलें पाहिजे. आणि ज्या शेर्पांस इंग्रजी येत नाहीं त्यांस त्यांच्याच भाषेंत बोलूं दिलें पाहिजे. एवढें न झालें, तर उल्मनच्या लेखणीची जागा संपादकाच्या कात्रीनें घेतली, इतकेंच म्हणावें लागेल.