शंभरापैकी पंच्याण्णव

'प्राणवायू' हा शब्द सुरेख आहे, पण त्याने विज्ञानाच्या तासाचे थोडे नुकसान केले आहे असे आम्हांला वाटते. विझत आलेली काडी नळीत धरली की भपकन पेटते, आजाऱ्याला तो देतात, गिर्यारोहक पाठीवर नेतात. इथे धडा संपतो. 'किती द्यायचा?' हा प्रश्न सहसा निघतच नाही.

गोंदियाच्या बाई गंगाबाई स्त्री रुग्णालयाचेच उदाहरण घेऊ. समजा, सालेकशाहून आलेल्या एका बाईचे बाळ अठ्ठाविसाव्या आठवड्यातच जन्मले. फुप्फुसे कच्ची, म्हणून ऑक्सिजन हवाच. पण त्याच्या दृष्टिपटलातल्या रक्तवाहिन्याही अजून अपुऱ्या असतात. आईच्या पोटात ऑक्सिजन कमी असतो आणि वाहिन्यांच्या वाढीला तेच मानवते. बाहेर तो रक्तात फार झाला की वाढ थांबते. पुढे उपाशी राहिलेले पटल भलत्याच वाहिन्या वाढवते, त्या पटलाला ओढून सुटे करतात आणि मूल आंधळे होते.

१९४२ साली बॉस्टनच्या टेरी यांनी हा आजार नोंदवला. कारण हाती लागेपर्यंत जगात सुमारे दहा हजार मुलांची दृष्टी गेली. १९५१ मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी ऑक्सिजनकडे बोट दाखवले, आणि १९५३-५४ च्या अमेरिकन चाचणीत ते खरे ठरले. पुढचा भाग मात्र विज्ञानाला शोभणारा नाही. ४० टक्क्यांच्या आत ऑक्सिजन ठेवला की झाले, असा नियम रूढ झाला. हा आकडा पेटीतल्या हवेचा, बाळाच्या रक्ताचा नव्हे! आंधळेपण घटले, पण ऑक्सिजनवाचून बाळे दगावू लागली. १९७३ साली क्रॉस यांनी अंदाज मांडला: एका बाळाची दृष्टी वाचली त्यामागे सोळा बाळे गेली.

आता बाळाच्या पावलाला बांधलेला पल्स ऑक्सिमीटर लाल आणि अवरक्त प्रकाशाच्या शोषणावरून रक्तातलेच प्रमाण सांगतो. तरी पेच सुटला नाही. २०१० च्या एका अमेरिकन चाचणीत ८५ ते ८९ टक्के ठेवलेल्या गटात १९.९ टक्के बाळे दगावली, ९१ ते ९५ च्या गटात १६.२. डोळ्यांचा तीव्र आजार मात्र उलट: ८.६ आणि १७.९. जीव आधी, म्हणून आज साधारणपणे ९१ ते ९५ राखतात.

शंभर दिसले की नातेवाइकांना बरे वाटते. आपण शाळेत तीच सवय लावलेली! पण नळीतून ऑक्सिजन घेणाऱ्या बाळाच्या बाबतीत शंभर हा इशारा असतो. हिमोग्लोबिन भरले की आकडा तिथेच थांबतो. रक्तात विरघळलेला ऑक्सिजन त्यापुढे कितीही वाढला तरी यंत्राला कळत नाही.

दोन किलोंहून कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या प्रत्येक बाळाचे दृष्टिपटल महिन्याच्या आत तपासावे लागते. फारच लहान बाळाचे त्याही आधी. वेळेत लेसर मिळाला तर दृष्टी बहुधा वाचते. पण तोवर काही बाळे गावी पोचलेली असतात, आणि बाहेरून डोळे छान टपोरे दिसतात.