शारीर, वृंद आणि शनिवार-रविवार

गाण्याचे उपजत अंग असलेल्या मुलांना आठवड्याच्या शेवटी शिकवायचे, ही पद्धत आता पुण्या-मुंबईपुरती राहिलेली नाही. खुलताबादसारख्या तालुक्याच्या गावातूनही शनिवारी सकाळी एखादा बाप मुलीला घेऊन एस.टी.त बसतो. दौलताबादचा घाट उतरून छत्रपती संभाजीनगर गाठायचे, तास-दोन तास शिकवणी, संध्याकाळी परत. रविवारी पुन्हा तेच. या खटाटोपामागचे कारण बहुतेक पालक एकाच वाक्यात सांगतात : ‘पोरीच्या गळ्यात गुण आहे, वाया जायला नको.’

प्रस्तुत लेखात मला या वाक्याचा विचार करायचा आहे. गळ्यात गुण असणे म्हणजे काय, शनिवार-रविवारच्या शिकवणीत त्यातले काय वाढते आणि सोमवार ते शुक्रवार त्याचे काय होते, हे माझे तीन प्रश्न. मी गायक नाही, संगीताची पदवीही माझ्याजवळ नाही. ग्रंथ वाचत, भजनाला बसत आणि क्लासच्या व्हरांड्यात ताटकळणाऱ्या पालकांशी बोलत जे हाती आले, त्यावर हे विवेचन उभे आहे.

‘शारीर’ म्हणजे काय?

या प्रश्नांसाठी दूर जावे लागत नाही. खुलताबादहून दहा-बारा किलोमीटरवर देवगिरीचा किल्ला आहे. तेथे यादव राजा सिंघण (इ.स. १२१० ते १२४७) याच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे; आजोबा भास्कर दक्षिणेत आले, वडील सोढल यादवांच्या चाकरीत राहिले. स्वतः शार्ङ्गदेव राज्याच्या हिशेबखात्याचा प्रमुख होता. हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही पद्धती ज्याला आपला पूर्वज मानतात, तो ग्रंथ एका हिशेबनिसाने लिहिला, ही गोष्ट माझ्यासारख्याला नेहमीच धीर देत आली आहे.

सात अध्यायांच्या या ग्रंथातला तिसरा, प्रकीर्णकाध्याय, आपल्या विषयाशी थेट भिडतो. त्यात ‘शारीर’ नावाची कल्पना आहे. फारसा अभ्यास नसतानाही राग प्रकट करण्याची आवाजातली जी शक्ती, ती शारीर. ती शरीराबरोबरच जन्मते म्हणून तिला हे नाव. आपण ‘गळ्यात गुण आहे’ म्हणतो ते हेच. मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे विधान. उत्तम शारीर कशाने लाभते? तर विद्यादानाने, तपाने, शिवभक्तीने किंवा मोठ्या भाग्याने. कारणांच्या यादीत विद्यादान आहे. पूर्वजन्माचा हिशेब बाजूला ठेवला तरी त्यातली दृष्टी लक्षात घेण्याजोगी आहे : गळ्यातला गुण ही त्या मुलाची खासगी मिळकत नाही. कोणीतरी कोणाला तरी दिलेल्या विद्येशी तो बांधलेला आहे. आजचा पालक मात्र या गुणाकडे मुदतठेवीसारखे पाहतो. ती वाढली पाहिजे आणि वेळेवर हाती आली पाहिजे.

आठवड्याचा पाठ कोठून आला?

रागसंगीताच्या जुन्या तालमीत ‘आठवड्याचा पाठ’ ही चीजच नव्हती. भीमसेन जोशी कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे राहिले, ते त्यांच्या घरचे होऊन. तालीम गुरूसमोर आणि मेहनतही गुरूच्या कानावर. शिष्य पहाटे खर्ज लावतो तेव्हा गुरू दुसऱ्या खोलीत असला तरी ऐकत असतो आणि चुकलेल्या जागी तेथूनच ओरडतो. शिकणे आणि घोटणे यांच्यात भिंत नव्हती.

ती भिंत उभी राहिली विसाव्या शतकात, आणि तिने उपकारही पुष्कळ केले. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. भास्करबुवा बखल्यांनी १९११ मध्ये पुण्यात भारत गायन समाजाची स्थापना केली. भातखंड्यांनी बंदिशी स्वरलिपीत बांधून क्रमिक पुस्तके दिली. त्यांच्या प्रयत्नांतून १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज सुरू झाले. पलुस्करांच्या निधनानंतर, १९३१ मध्ये, त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापले. त्याची प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही परीक्षांची शिडी आज तालुक्यापर्यंत पोचली आहे. या सगळ्यामुळे मध्यमवर्गीय घरांतली, विशेषतः मुली, प्रतिष्ठेने गाणे शिकू शकल्या. मराठवाड्यापुरते बोलायचे तर नांदेडला अण्णासाहेब गुंजकरांकडे शिकलेले आणि पुढे औरंगाबादेत आयुष्यभर शिकवत राहिलेले नाथराव नेरळकर (निधन २०२१) यांच्यासारखे गुरू लाभले, म्हणून येथल्या मुलांना गाण्यासाठी घाट ओलांडून पुण्याला जाण्याची सक्ती उरली नाही.

स्वरलिपीने एक गोष्ट शक्य केली. गुरूची अनुपस्थिती भरून काढता येऊ लागली. पाठ वहीत उतरला की सात दिवस गुरू नसला तरी चालते, असे मानले जाऊ लागले. आठवड्याचा क्लास या गृहीतकावर उभा आहे. आता वहीची जागा मोबाइलने घेतली. शिक्षक बंदिश म्हणतात, मुलगी ती रेकॉर्ड करते आणि पाच दिवस तीच ऐकून, तानपुऱ्याचे ॲप लावून, घरात एकटी म्हणते. त्यात दहावीला शास्त्रीय कलांच्या परीक्षांसाठी वाढीव गुण मिळू लागल्यापासून ‘कोणता राग चालू आहे?’ याऐवजी ‘कितवी परीक्षा झाली?’ हा प्रश्न व्हरांड्यात अधिक ऐकू येतो.

पाच प्रकारचे गायक

शार्ङ्गदेवाने गायकांचे पाच प्रकार सांगितले आहेत. शिक्षाकार म्हणजे निर्दोष शिकवू शकणारा. अनुकार म्हणजे दुसऱ्याच्या ढंगाची नक्कल करणारा. रसिक म्हणजे रसात बुडून गाणारा. रंजक म्हणजे ऐकणाऱ्याला खूश करणारा. भावुक म्हणजे गाण्यात आपली भर घालून ते खुलवणारा. ही यादी समोर ठेवून शनिवार-रविवारची शिकवणी तपासली, तर माझ्या मते निष्कर्ष स्पष्ट आहे. ती अनुकार घडवते. त्या मुलांतून स्पर्धा आणि वाहिन्या जे निवडतात, ते रंजक असतात. उरलेल्या तीन प्रकारांसाठी त्या वेळापत्रकात जागाच नाही.

अनुकरण वाईट असे मला म्हणायचे नाही. सुरुवात तेथूनच होते. याचे सर्वांत मोठे उदाहरण कुमार गंधर्व. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ मध्ये जन्मलेला शिवपुत्र कोमकाळीमठ हा मुलगा सहा-सात वर्षांचा असताना मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका जशाच्या तशा म्हणून दाखवी. ग्रामोफोन हाच त्याचा मोबाइल होता. गावोगाव त्याचे जलसे झाले, नाव झाले. तेथेच तो थांबला असता तर एक नवलाईचा बालगायक म्हणून त्याची नोंद राहिली असती. अकराव्या-बाराव्या वर्षी तो मुंबईला बी. आर. देवधरांच्या शाळेत आला. देवधर पलुस्करांचे शिष्य, पण कोणत्याही घराण्याचे गाणे कान देऊन ऐकणारे. ‘थोर संगीतकार’ हे त्यांचे पुस्तक त्याची साक्ष आहे. तेथे या मुलाला राग नव्याने शिकावे लागले, आणि नाना घराण्यांचे गवई मैफलीबाहेर, बोलताना, चुकताना, पुन्हा जुळवताना ऐकायला मिळाले. हे मुद्रिकेत नसते. पुढे क्षयाने गाणे बंद झाले तेव्हा देवासला अंथरुणावर पडून त्यांनी माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकली. अनुकारापासून भावुकापर्यंतच्या या प्रवासातले दोन्ही मोठे टप्पे इतरांच्या संगतीतले आहेत. एकटेपणाच्या खोलीत त्यांतला एकही घडलेला नाही.

२००८-०९ मधल्या ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’ची आठवणही येथे काढली पाहिजे. त्या पर्वाची अंतिम पाच मुले आळंदी, रत्नागिरी जिल्हा, अलिबाग, पुणे आणि लातूर येथली होती. विजेती कार्तिकी गायकवाड आळंदीची, गाण्याच्या घरातली. महाराष्ट्राने त्या मुलांवर प्रेम केले ते योग्यच. पण त्यातून हजारो घरांनी धडा काढला तो निवडीचा आणि गुणांकनाचा. आळंदीसारख्या गावात कान रोज कशावर पोसला जातो, याची चौकशी थोड्यांनीच केली.

वृंद

शार्ङ्गदेव गायकांची आणखी एक विभागणी करतो : एकल, यमल आणि वृंद. एकटा गाणारा, जोडीने गाणारा आणि समूहात गाणारा. उत्तम वृंदाचे मोजमापही तो देतो : चार मुख्य गायक, त्यांना साथ करणारे आठ, बारा गायिका, चार बासरीवाले आणि चार मृदंगी. हिशेबनीस शोभतो! पण खरा मुद्दा संख्येचा नाही. वृंदाचे गुण सांगताना मुख्य गायकाच्या मागे जाणे, सूर मिळवणे, ताल सांभाळणे यांच्या जोडीने त्याने एक विलक्षण गुण नोंदवला आहे : एकाचे तुटले की दुसऱ्याने सावरून घेणे.

शनिवार-रविवारच्या शिकवणीत नेमके हेच नाही. तेथे वर्गात दहा मुले असली तरी ती दहा एकल असतात. युरोपातली पद्धत आपण उचलली असे म्हणावे, तर तीही पुरती उचललेली नाही. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकचा कनिष्ठ विभाग गुणी मुलांना शनिवारीच शिकवतो. पण तो दिवसभर चालतो, आणि एकेकट्या शिकवणीबरोबर वाद्यवृंद, गायकवृंद, छोट्या गटातले वादन हे त्याचे अंग असते. आपण त्यातला एकेकट्याचा तास तेवढा घेतला.

वृंद आपल्याकडे नाही का? खुलताबादेत, वेरुळात, आसपासच्या खेड्यांत आजही भजनी मंडळे आहेत, सप्ताह बसतात. दहा वर्षांचे पोर टाळ घेऊन मागच्या रांगेत उभे राहते. त्याला कोणी ‘शिकवत’ नाही. चुकले तर शेजारचा कोपराने ढोसतो, पखवाजाच्या थापेवर पाय पुन्हा लागतो आणि गाणे पुढे जाते. दुसरा वारसा दर्ग्यांचा. बुऱ्हानुद्दीन गरीब (निधन १३३७) हे समाच्या, म्हणजे श्रवणाच्या मैफलीच्या, ओढीसाठी ओळखले जात; त्यांच्या अनुयायांच्या नृत्याची तऱ्हाही वेगळी मानली गेली. सूफींनी समासाठी काळ, स्थळ आणि सोबती अशा तीन अटी घातल्या. आपल्या क्लासने काळ आणि स्थळ ठरवले, सोबती मात्र विसरले.

आवाज फुटतो तेव्हा

हा प्रश्न नुसता सौंदर्यदृष्टीचा नाही, हे कळते मुलगा बारा ते पंधराच्या दरम्यान आला की. स्वरयंत्र वाढते, आवाज सुमारे सप्तकभर खाली उतरतो, काही महिने तो कोठे लागेल याचा भरवसा नसतो. मुलींचाही आवाज बदलतो, कमी प्रमाणात. केंद्र सरकारच्या सांस्कृतिक प्रतिभाशोध शिष्यवृत्तीसाठी निवड होते ती दहा ते चौदा या वयात, म्हणजे अगदी या उंबरठ्यावर. एकल म्हणून वाढवलेल्या मुलाजवळ या दिवसांत काहीच उरत नाही. स्पर्धेत नंबर येत नाही, परीक्षा पुढे ढकलावी लागते, बाप म्हणतो आता दहावी महत्त्वाची. शनिवारची एस.टी. बंद होते, आणि चार-पाच वर्षांची मेहनत मोबाइलमधल्या रेकॉर्डिंगांसह पुसली जाते. वृंदातल्या मुलाचा आवाजही फुटतोच. पण तो त्या वर्षी टाळ धरतो, पखवाजाकडे सरकतो, खालच्या सुरात साथ करतो. गाणे त्याला सोडत नाही.

आक्षेप आणि अपेक्षा

संगीतशिक्षकांचा एक आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे : भजनात उंच पट्टीत ओरडून गळा बसतो, सुरांचा लगाव बिघडतो, म्हणून ‘भजनाला जाऊ नको’ अशी ताकीद मुलांना मिळते. त्यात तथ्य आहे. ध्वनिक्षेपक आल्यापासून पट्टी आणखी चढली आहे. पण यावर उपाय मुलाला मंडळातून काढणे हा नव्हे, शिक्षकाने मंडळात जाणे हा आहे. महिन्यातला एक रविवार शिक्षकाने क्लासऐवजी गावच्या मंडळासोबत घालवला, पट्टी अर्ध्या-एका सुराने खाली आणली, तानपुरा लावायला शिकवले, तर त्या एका मुलीबरोबर पंचवीस गळे सुधारतील आणि तिला सोमवार ते शुक्रवार रियाजाची जागा मिळेल. उरलेल्या रविवारी नवी बंदिश देण्याआधी जुनीचा रियाज समोर बसवून ऐकावा. नवा पाठ मोबाइलवर पाठवता येतो, रियाजातली चूक मात्र कानासमोरच सुधारते. आणि मोठ्या मुलांना लहानांना शिकवायला बसवावे. शिक्षाकार हा प्रकार शार्ङ्गदेवाने यादीत पहिला ठेवला आहे, आणि उत्तम शारीराच्या कारणांतही विद्यादानच पहिले आहे. चौदा वर्षांची मुलगी आठ वर्षांच्या मुलाला भूप समजावू लागली की आपल्याला तो कितपत कळला, हे तिला कोणत्याही परीक्षेपेक्षा आधी कळते.

शनिवार-रविवार हे आपल्या जगण्याचे वास्तव आहे. शाळा, नोकऱ्या, एस.टी.चे वेळापत्रक त्याभोवतीच फिरणार, आणि गुरुगृही राहण्याचे दिवस बहुतेकांसाठी परत येणार नाहीत. म्हणून या दोन दिवसांची तक्रार करण्यात अर्थ नाही. उरलेल्या पाच दिवसांत त्या मुलीचे तुटले तर सावरून घेणारे कोणी शेजारी आहे की नाही, हे पाहिले पाहिजे. खुलताबादेत ते माणूस बहुधा तिच्याच गल्लीत, टाळ घेऊन बसलेले असते. क्लासने आणि मंडळाने एकमेकांची दखल घ्यायला हवी, एवढेच.