कर्जखतें आणि कलहाची मीमांसा

विषमता वाढली कीं दंगा होतो, हें सूत्र आमच्या वर्गांतून इतकें रुळलें आहे कीं तें पारखून पाहण्याची गरजच कोणास भासत नाहीं. नगर जिल्ह्यांतील वाचकानें तरी तें १८७५ च्या दंग्यांशीं ताडून पाहावें. १२ मे रोजीं पुणें जिल्ह्यांत सुपें येथें दंगा सुरू झाला. पाठोपाठ श्रीगोंदें, पारनेर, नगर, कर्जत हे आमचे तालुके पेटले.

सावकार आणि कुणबी असे दोन वर्ग समोरासमोर उभे पाहून मार्क्सची आठवण होणें साहजिक आहे. परंतु पुढाकार घेणारे बहुधा पाटील व जमीनधारक कुणबी होते. दारिद्र्य हेंच कारण असतें, तर गांवकुसाबाहेरील वस्ती आधीं उठावयास हवी होती. अमेरिकेंतील यादवीमुळें कापसास आलेली तेजी १८६५ नंतर ओसरली, पुढें शेतसारा वाढला, आणि १८५९ च्या मुदतीच्या कायद्यामुळें दर तीन वर्षांनीं खत नवें होऊन व्याज मुदलांत मिळूं लागलें. आंगठा कुणब्याचा, मजकूर सावकाराचा! म्हणून जमावाचा रोख कागदांवर होता. खतें हातीं आलीं कीं बहुतेक ठिकाणीं मारहाणीवांचून तो पांगे.

लूइस कोझर यानें १९५६ च्या आपल्या ग्रंथांत विशिष्ट साध्यासाठीं केलेला कलह आणि केवळ मनांतील क्षोभ ओकण्यासाठीं केलेला कलह असा भेद केला आहे. खतांची होळी पहिल्या प्रकारांत सहज बसते. पण सरकारी चौकशी समितीनेंच नमूद केलें आहे कीं, ब्राह्मण व मारवाडी असे दोन्ही सावकार असलेल्या गांवांत बहुधा मारवाड्यासच उपद्रव झाला. खत तर दोघांकडेही होतें. एकाच जमावांत साध्यही होतें आणि परकेपणाचा रागही. तेथें कोझरची वांटणी लंगडी पडते. (आम्हां पांढरपेशांच्या तोंडून ही हकीकत क्वचितच ऐकूं येते.)

नील चार्ल्सवर्थ यानें १९७२ च्या निबंधांत या दंग्यांस चक्क 'मिथ्यकथा' ठरविलें: गांवें थोडीं, हिंसा थोडी. हिशेब चोख आहे. मोजण्याची वस्तु मात्र चुकली. दंग्यापूर्वीं १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यांतील करडे गांवानें मारवाडी सावकारावर बहिष्कार घातला. दुकानावर गिऱ्हाईक नाहीं, शेतावर मजूर नाहीं, न्हावी येईना. रक्ताचा थेंबही न सांडतां माणूस जेरीस आला. अशी हिंसा कोणत्या रकान्यांत मांडावयाची?

हें हत्यार गावगाड्याचें जुनेंच. वतनी कामें नाकारणाऱ्या महारांवर तें गांवानें पुढेंही चालविलें, आणि तें चालविणाऱ्यांत ऋणको कुणबीही होते. वर्गकलहाचा सिद्धांत कुणब्यास एकाच बाजूस उभा करतो. गांवांत तो दोन्ही बाजूंस होता. बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रांत स्वतंत्र कायदा झाला तो २०१६ सालीं.