ताडून पाहायचं ते कशाशी?

चतुर्थीच्या आधी गोव्याच्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या घरगुती स्टुडिओंत कामाची गर्दी होते. कुणाला आरत्या मुद्रित करायच्या असतात, कुणाला अभंग, कुणाला एखादं नाट्यगीत. लॅपटॉप, साउंड कार्ड, एकदोन कंडेन्सर माइक आणि भिंतींना लावलेला फोम एवढ्यावर काम चालतं, आणि आज एवढं सामान खरोखर पुरेसं आहे. गळे तयार असतात, वाजवणारे हातही तयार असतात. तरी यूट्यूबवर आलेलं गाणं ऐकलं की ते साखळीत झालं की मुंबईत, याचा पत्ता लागत नाही. घुमट ढोलकीसारखं ऐकू येतं, कांसाळी (झांजा) कानाला बोचतात, पेटी गायकाच्या आवाजावर चढून बसते. याचा दोष उपकरणांना देण्यात अर्थ नाही. मिक्सिंग करताना कोणतं ध्वनिमुद्रण प्रमाण मानलं, तिथेच गोष्ट बिघडते, असं माझं स्पष्ट मत आहे.

मिक्सिंग करणाऱ्याला प्रमाण लागतंच. तासभर तेच गाणं ऐकलं की कान सरावतात. वाढलेली ट्रेबल खटकेनाशी होते, बेस कमी असला तरी भरल्यासारखा वाटतो. म्हणून जगभरचे ध्वनिमुद्रक अधूनमधून आपलं काम थांबवून दुसरं, विश्वासाचं ध्वनिमुद्रण लावतात आणि कान ठिकाणावर आणतात. यालाच रेफरन्स म्हणतात. ब्रूस स्वीडियनने मिक्स केलेला मायकल जॅक्सनचा ‘थ्रिलर’ (१९८२) किंवा डायर स्ट्रेट्सचा ‘ब्रदर्स इन आर्म्स’ (१९८५) हे अल्बम यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले आहेत. स्वतःच्या स्पीकरची खोड ओळखायला ते आजही उपयोगी आहेत. मात्र त्यांत टाळ नाही, पखवाज नाही, पाठीमागून उचलून धरणारे आठदहा गळे नाहीत. त्यांच्याशी ताडून भजनाचा तोल ठरवायला गेलं की पखवाजाचा ड्रम होतो.

आपल्याकडे प्रत्यक्षात समोर ठेवली जातात ती बहुधा गाजलेली हिंदी भक्तिगीतं आणि अलीकडची चित्रपटगीतं. त्यांच्यात सगळं सतत सारख्याच जोरात वाजतं. लिमिटर लावून आवाजाचा चढउतार दाबलेला असतो. अभंगाची पहिली ओळ बुवा एकटे संथपणे म्हणतात, मग पखवाज उठतो, मग टाळकरी तुटून पडतात. ही चढण हाच भजनाचा जीव आहे. ती सपाट केली तर उरतं काय? आणि ज्या कारणासाठी ती सपाट करतात ते कारणही आता राहिलेलं नाही. स्पॉटिफाय आणि यूट्यूब मोठ्या आवाजातली गाणी आपणहून साधारण -१४ एलयूएफएसच्या (ध्वनिपातळी मोजण्याचं एकक) आसपास खाली ओढतात. चढउतार गमावून मिळवलेला मोठेपणा ऐकणाऱ्यापर्यंत पोचतच नाही.

मग कोणते अल्बम घ्यावेत? गायकाचा आवाज आणि टाळ यांचं नातं समजून घ्यायचं असेल तर राम फाटकांनी स्वरबद्ध केलेले भीमसेन जोशींचे अभंग पहिल्यांदा घ्यावेत. आवाज अगदी समोर आहे, पण त्याच्या कडा घासून गुळगुळीत केलेल्या नाहीत, श्वास ऐकू येतो. टाळ सतत वाजत असूनही शब्दातली व्यंजनं झाकत नाहीत. ही गोष्ट साधायला अवघड आहे, कारण टाळाचा झणत्कार आणि ‘स’, ‘च’, ‘त’ यांसारखी अक्षरं वरच्या पट्टीत एकाच जागेसाठी भांडतात. श्रीनिवास खळ्यांचं संगीत असलेला लताबाईंचा ‘अभंग तुकयाचे’ त्याच्या शेजारी ठेवावा, म्हणजे मोजक्या वाद्यांत गाणं किती मोकळं राहतं ते कळेल. दोन्हींना एक मर्यादा आहे. हे स्टुडिओतले अभंग आहेत. त्यांत साथीचे गळे सभ्यपणे मागे उभे असतात. पेडण्याच्या भजनात, आणि तिथून सीमा ओलांडली की सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्यात, ते गळे अर्धं भजन असतात. त्यांना कोरस समजून मागे ढकलणं हा आमच्या बहुतेक मिक्सचा सगळ्यात मोठा दोष आहे.

नाट्यगीतांसाठी गोव्याला बाहेर जायची गरज नाही. मंगेशीचे पं. जितेंद्र अभिषेकी, त्यांच्याकडे शिकलेले प्रभाकर कारेकर आणि अजित कडकडे यांची ध्वनिमुद्रणं घराघरांत आहेत. इथे एक तुलना मुद्दाम करून पाहावी. ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक १९६७चं, त्यावरचा चित्रपट २०१५चा. नाटकाच्या जुन्या ध्वनिमुद्रणांत गायक, ऑर्गन आणि तबला एवढंच जग आहे, आणि तान कुठे वळते ते स्वच्छ दिसतं. चित्रपटात त्याच चालींना मोठं दालन, रुंद वाद्यमेळ आणि लांब रिव्हर्ब मिळालं. चित्रगृहाच्या पडद्याला ते शोभतं, आणि काम उत्तमच झालं आहे. पण एक ऑर्गन, एक तबला आणि एक गायक घेऊन बसलेल्या डिचोलीच्या मुलाने या दुसऱ्या आवाजाचा पाठलाग करू नये. त्याच्याकडे तेवढा वाद्यमेळ नाही, म्हणून तो रिव्हर्बने पोकळी भरतो आणि तान चिखलात रुतते. पेटी कशी ऐकू यावी यासाठी बोरीचे पं. तुळशीदास बोरकर ऐकावेत. स्वर भरदार आहे, पण नाकात बोललेला नाही. आपल्या मिक्समधली पेटी जिथे कर्कश होते, तो भाग त्यांच्या वादनाशी ताडला की लगेच सापडतो.

पेडण्यातून शापोरा नदी ओलांडली की शिवोली. तिथे रेमो फर्नांडिसने १९८४मध्ये ‘गोअन क्रेझी’ घरीच मुद्रित केला, चार ट्रॅकच्या यंत्रावर, बहुतेक सगळं स्वतः वाजवून. भजनाशी त्याचा संबंध नाही, तरी घरगुती स्टुडिओवाल्याने तो जवळ ठेवावा. चारच ट्रॅक असले की काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे आधीच ठरवावं लागतं. आज शंभर ट्रॅक फुकट मिळतात आणि निर्णय शेवटच्या रात्रीपर्यंत लांबतो.

किनाऱ्याचाही परिणाम झाला आहे. हरमल, मोरजी, मांद्र्याच्या क्लबांत ध्वनियंत्रणा सांभाळलेली कितीतरी मुलं आज घरी मिक्सिंग करतात. खालचा बेस आवरायला ती तिथे शिकली, हे चांगलंच झालं. पण ट्रान्सच्या किकला सरावलेला कान पखवाजाच्या ‘धुम’कडूनही छातीवर आदळण्याची अपेक्षा करतो. पखवाजाला गुंजायला वेळ लागतो. तो वेळ कापला की पखवाज उरत नाही.

खरी अडचण घुमटाची आहे. मातीचं भांडं, दोन्ही बाजूंनी उघडं. मोठ्या तोंडावर कातडं, लहान तोंड मोकळं. एक हात कातड्यावर पडतो, दुसरा मागचं तोंड झाकतो आणि उघडतो, आणि त्या झाकण्या-उघडण्यातून खालचा स्वर हलतो. म्हणजे या वाद्याचा आवाज दोन ठिकाणांहून बाहेर येतो. फक्त कातड्यासमोर माइक ठेवला की निम्मं वाद्य मुद्रितच होत नाही, मग कितीही ईक्यू फिरवा. पूर्वी घोरपडीचं कातडं लावत, वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते बेकायदा ठरलं आणि बकऱ्याचं कातडं आलं. त्यामुळे जुन्या ध्वनिमुद्रणातलं घुमट आणि आजचं घुमट यांचा स्वभावही एकसारखा नाही. सोबत शामेळ या तालवाद्याच्या काठ्यांचा टणक आवाज आणि कांसाळ्यांचा कल्लोळ असतो. सुवारी वादनात तर कितीतरी घुमटं एकत्र वाजतात. राज्य सरकारने २०१९मध्ये घुमटाला राज्याच्या वारसा वाद्याचा दर्जा दिला. आणि इतकं असूनही, घुमट नीट कसं ऐकू यावं हे दाखवणारा, सर्वांनी प्रमाण मानावा असा एकही अल्बम मिक्सिंग करणाऱ्याच्या हाताशी नसतो. म्हणून तो ढोलकीचा प्रीसेट लावतो. त्याच्यावर रागावून उपयोग नाही, त्याला दुसरं काही दिलेलंच नाही.

त्यात बहुतेक लोक आरती मोबाइलवर ऐकतात. त्या चिमुकल्या स्पीकरमधून घुमटाचा खालचा गुंजार येणारच नाही. तिथे ऐकू येते ती कातड्यावरची थाप. थाप आणि गुंजार वेगवेगळ्या माइकवर घेतले तर दोन्हींचा हिशेब ठेवता येतो. खोलीचंही तसंच. आरती घराच्या ओसरीत होते, भजन देवळाच्या सभामंडपात, आणि नार्व्याच्या सप्तकोटेश्वरासारख्या देवळात घुमटीखालचा नाद वेगळाच. ‘हॉल’ नावाचं रिव्हर्ब उघडण्याआधी आपलं भजन कोणत्या जागेत बसलेलं ऐकू यायला हवं, हे ठरवायला हवं.

निवड करताना मी तीनच गोष्टी पाहीन. वाद्यं आणि गळ्यांची संख्या आपल्या कामाच्या जवळची हवी. एखादं गाजलेलं गाणं नको, पूर्ण अल्बम हवा, कारण संथ आणि द्रुत दोन्हींत तोल कसा सांभाळला ते त्यातूनच कळतं. आणि फाइल सीडीवरून घेतलेली हवी, कुणीतरी पुन्हा पुन्हा दाबून चढवलेली नको. तुलना करण्यापूर्वी रेफरन्सचा आवाज आपल्या मिक्सइतका खाली आणायचा, ही बाब कधीच विसरू नये. किंचित मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो, कारण आवाज वाढला की कानाला बेस आणि ट्रेबल दोन्ही भरलेले वाटतात. पातळी जुळवली नाही तर रेफरन्स दिशाभूल करतो.

जुनी ध्वनिमुद्रणं टाकाऊ समजू नयेत. केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी १९७७मध्ये व्हॉयेजर यानांसोबत अवकाशात गेली. ती साडेतीन मिनिटांची. तिच्यातला खरखरीत, अरुंद आवाज नक्कल करण्यासाठी नाही, पण गळा आणि साथ यांचं प्रमाण शिकण्यासारखं आहे. आकाशवाणीच्या जुन्या भजनांचंही तेच. माइक थोडे असत, म्हणून कोण जवळ बसणार आणि कोण मागे, यावरच सगळा तोल ठरे. तो तोल गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनी ठरवलेला असे, आणि त्यांना तो आपल्यापेक्षा जास्त कळत होता.

कला अकादमी मनोहरबुवा शिरगांवकरांच्या नावाने भजनी स्पर्धा घेते. साखळीत रवींद्र भवन आहे. माझी या दोन्ही संस्थांना विनंती आहे: निवडक भजनी आणि घुमट आरती पथकं त्यांच्या स्वतःच्या देवळात, ओसरीत बसवून चांगल्या माइकवर मुद्रित करावीत, लिमिटर न लावता ती ध्वनिमुद्रणं तशीच प्रसिद्ध करावीत, आणि सुटे ट्रॅकही शिकणाऱ्या मुलांना विनामूल्य द्यावेत. घोरपडीच्या कातड्याचं घुमट ज्यांनी वाजवलं आहे, त्यांपैकी काही वादक अजून आपल्यात आहेत. हे काम त्यांना समोर बसवून, ते हयात असतानाच व्हायला हवं.