तीस सामने, आणि बाहेर गेला एकच संघ

मंडळी, बुलढाण्यात हॉकीवर बोलायचं म्हणजे जरा धाडसच. आपल्याकडे गावोगावी कबड्डी रंगते, क्रिकेट तर विचारूच नका. पण आजचा विषय काठीचा नाही, हिशेबाचा आहे, आणि तो कबड्डीवाल्यालाही लगेच कळेल.

हॉकी इंडिया लीग २०१३ मध्ये सुरू झाली. संघ पाच : दिल्ली, रांची, पंजाब, उत्तर प्रदेश आणि आपली मुंबई. प्रत्येकाने प्रत्येकाशी तीनदा खेळायचं, म्हणजे प्रत्येकी १२ आणि एकूण ३० सामने. आणि एवढं झाल्यावर उपांत्य फेरीत संघ किती? चार! महिनाभर धावायचं ते फक्त एकाला घरी पाठवायला. घरी गेली ती मुंबई. तिची बाजूही सांगायला हवी. सीमेवरच्या तणावामुळे लीगमधले पाकिस्तानी खेळाडू सुरुवातीलाच परत पाठवले गेले, त्यातले चार मुंबईचे होते. तरी पाचवा तो पाचवाच. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती पहिल्या नंबराबद्दल. गुणतक्त्यात दिल्ली सगळ्यांच्या वर होती. तिला बक्षीस काय मिळालं? चौथ्या संघाशी एक सामना, हरलात तर संपलं. चौथ्यालाही नेमकं तेच. मग १२ सामने जीव तोडून खेळायचं कशासाठी? बरं, हॉकीत गोल मोजके होतात. एक पेनल्टी कॉर्नर लागला की सामना फिरतो. अशा खेळात एका दिवसाच्या निकालावर सगळं टाकणं म्हणजे महिनाभराची कमाई एका डावावर लावण्यासारखं झालं.

त्यात बाद फेरी रांचीत. अंतिम सामना रांची विरुद्ध दिल्ली, रांचीच्याच मैदानावर, आणि रांची २-१ने जिंकली. रांची चांगलीच खेळली, तिचं यश कमी करायचं नाही मला. पण तक्त्यात वर राहून दिल्लीने जे कमावलं, त्यात घरचं मैदान नव्हतं. ते यजमानाच्या वाट्याला गेलं.

आयोजक म्हणतील, अहो, चार संघ ठेवले की शेवटपर्यंत चुरस राहते, स्टेडियम भरतं, टीव्हीवाले खूश राहतात. खरं आहे, पैसा लागतोच. पण पाचच संघांत दुसरी वाट निघत नाही असं नाही. महिला प्रीमियर लीग बघा. २०२३ मध्ये तिथेही संघ पाचच होते. पहिला थेट अंतिम फेरीत, दुसरा-तिसरा एकमेकांशी खेळणार, बाकीचे दोन बाहेर. त्या वर्षी तक्त्यात दिल्ली पहिली होती, तरी विजेतेपद दुसऱ्या आलेल्या मुंबईने नेलं. म्हणजे थरार कुठे कमी झाला? उलट मुंबईला एक सामना जास्त खेळून तो मान मिळवावा लागला. आयपीएलनेही सुरुवातीची साधी उपांत्य फेरी सोडून २०११पासून पहिल्या दोघांना दुसरी संधी दिली.

हॉकी लीग २०१७ नंतर बंद पडली आणि २०२४च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाली. त्या हंगामात पुरुषांचे संघ आठ होते, त्यातले चार उपांत्य फेरीत गेले. हे प्रमाण मला पटतं. पण पहिला विरुद्ध चौथा, हरला तो बाहेर, हे त्या हंगामातही तसंच राहिलं. गंमत म्हणजे त्याच लीगच्या महिलांच्या पहिल्या स्पर्धेत चार संघ होते आणि पहिले दोन थेट अंतिम फेरीत गेले. एकाच घरात दोन हिशेब! पुरुषांच्या वहीत तो दुसरा हिशेब तेव्हा कुणी का उतरवला नाही, हे मला अजून उमगलेलं नाही.